पाठ्यपुस्तकातली आई

बी.ए.च्या पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत मी चिनी भाषेत खोटं बोलले. परीक्षक बाईंनी विचारलं, तुझी आई काय काम करते? मी म्हटलं, माझी आई शिक्षिका आहे. वाक्य स्वच्छ आलं, कारण ते धड्यातलं होतं. धड्यातल्या मुलाची आई शिक्षिका होती आणि वडील डॉक्टर. बाईंना उत्तर आवडलं असावं, त्यांनी लगेच पुढचं विचारलं. कुठल्या शाळेत? काय शिकवते? प्रश्न मला कळला होता. लागणारे शब्दही बहुतेक येत होते. पण जी आई नाहीच, तिची शाळा कुठून आणणार? मी खाली बघत बसले. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, प्रश्न सोपा करून पुन्हा विचारला, आणि मग समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

माझी अम्मा विड्या वळते. सोलापूरहून अक्कलकोटला जाताना कुंभारी लागतं, तिथे गोदूताई परुळेकर वसाहतीत आमचं घर आहे. विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून, पै पै भरून मिळवलेली ही 10,000 घरांची वसाहत. 2006 साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहनसिंग घरं द्यायला आले, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. त्याआधी शहरात पत्र्याच्या एका खोलीत आम्ही राहायचो. रात्री भिजवून ठेवलेली तेंदूची पानं सकाळी अम्मा पत्र्याच्या मापावर कात्रीने कापते, सूप मांडीवर घेते, चिमूटभर तंबाखू पसरून पान वळते, टोक दुमडते, दोरा गुंडाळते. मी दहावीचा अभ्यास त्या सुपाशेजारीच केला. माझ्या फीचे पैसे त्या सुपातून आले.

हे सगळं ठाऊक असताना मी शिक्षिका का म्हटलं? ‘विडी’ला चिनीत शब्द सापडेना म्हणून सोपं उत्तर दिलं, असं मी मैत्रिणींना सांगायची. ते खरं नव्हतं. ‘कामगार’ हा शब्द आम्ही सुरुवातीच्याच धड्यांत शिकलो होतो. ‘माझी आई कामगार आहे’ एवढं तर सहज म्हणता आलं असतं, आणि चिनी भाषेत त्या शब्दाला मानही मोठा. लाल बावट्याच्या सभांना मी अम्माचा पदर धरून गेलेली मुलगी, तरी तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. वर्गात कुणाचे वडील अधिकारी, कुणाची आई प्राध्यापक. मला लाज वाटली, हे खरं कारण. दुसरं कारण आळसाचं. धड्यातलं वाक्य आयतं होतं, माझं वाक्य मला बनवावं लागलं असतं.

त्या वर्षीच्या बाकीच्या चुकाही मला याच्याच आसपास सापडतात, म्हणून त्या एकेक करून सांगते.

चिनीच का, असं दिल्लीत कुणी विचारलं की माझं उत्तर तयार असे: मी डॉ. कोटणीसांच्या गावची. शाळेच्या सहलीत आम्हाला सोलापुरातलं त्यांचं स्मारक दाखवलं होतं. शांतारामबापूंचा 1946 चा चित्रपट मी तोवर पाहिलाही नव्हता, पण पांढऱ्या कोटातला तो तरुण डॉक्टर डोक्यात बसला तो बसलाच. जेएनयूमध्ये बी.ए.ला परदेशी भाषा अगदी मुळाक्षरांपासून शिकवतात, आधीची ओळख लागत नाही, हे कळलं तेव्हा मी दुसरा विचार केला नाही. तिथे पोचल्यावर कोटणीसांचं नाव काढलं की प्राध्यापकांपासून मेसमधल्या मुलांपर्यंत सगळ्यांच्या चेहऱ्यावर कौतुक यायचं. त्या कौतुकाची मला चटक लागली. अभ्यास न करता मिळणारं ते माझं एकमेव यश होतं.

कोटणीसांविषयी मी सांगायची त्यात 1938 सालचं पाच डॉक्टरांचं पथक असायचं, अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. युद्ध असायचं, क्वो छिंगलान या परिचारिकेशी झालेलं लग्न असायचं, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी 9 डिसेंबर 1942 ला आलेला मृत्यू असायचा. ते भाषा कशी शिकले असतील, हा प्रश्न मला पडला नाही, आणि मी तर भाषाच शिकायला गेले होते. हा माणूस चीनला गेल्यावर चिनी शिकला. चार वर्षांच्या आत तो त्या भाषेत रुग्णांशी बोलत होता, लिहीत होता आणि विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवत होता. जखमी सैनिक समोर कण्हत असताना ‘कुठे दुखतं’ हे विचारताना शब्द चुकेल म्हणून कुणी गप्प राहत नाही. मी मात्र गप्प राहायची. वर्गात हात वर करणं मी पहिल्या काही आठवड्यांतच सोडलं.

ते सोडलं त्याचं कारण विचित्र आहे. माझी सुरुवात फार चांगली झाली होती.

चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची एक पद्धत आहे, पिनयिन. 1958 पासून ती चीनमध्ये अधिकृत आहे. ती इंग्रजीसारखी वाचली की घोटाळा होतो. तिच्यातला ‘बी’ म्हणजे आपला ‘प’, आणि ‘पी’ म्हणजे ओठ मिटून, श्वास सोडून म्हटलेला आपला ‘फ’. राजधानीचं नाव पेइचिंगच्या जवळ जातं, बीजिंगच्या नाही. इंग्रजी शाळांतून आलेली मुलं इथे अडखळायची. मी देवनागरीत लिहून घेतलं आणि मोकळी झाले. प-फ, त-थ, क-ख हा फरक आपल्याकडे बालवाडीतलं मूल जाणतं. त्याहून मोठी गंमत ‘च’ची. चाकातला च आणि चिमणीतला च मराठीत वेगळे आहेत. लिहिताना एकच अक्षर, बोलताना जीभ दोन ठिकाणी जाते. चिनीतही असे दोन ध्वनी आहेत, आणि हिंदी पट्ट्यातल्या मुलांना त्यातला पहिला काढायला कष्ट पडत होते. माझ्या घरच्या तेलुगूतही तो आहे. मला तो दोन बाजूंनी आलेला. बाईंनी भर वर्गात माझं नाव घेऊन सांगितलं, हिचं ऐका.

झालं. मला वाटलं, उच्चार जमले. चिनी शब्दांवर पेन्सिलने बारीक देवनागरी लिहिलेली माझी वही मुलं मागून न्यायची. त्या वहीत व्यंजनं अचूक होती, स्वर बऱ्यापैकी होते, आणि सूर नव्हते. चिनीत प्रत्येक अक्षर कुठल्या सुरात म्हणायचं हे ठरलेलं असतं. एक सूर सपाट उंच, एक वर चढणारा, एक खाली जाऊन वळणारा, एक वरून झपकन खाली येणारा, शिवाय काही अक्षरं हलकी, सूर नसलेली. देवनागरीत हे लिहायची सोय नाही. पिनयिनमध्ये स्वरांवर त्यासाठी खुणा असतात, पण मी पिनयिन वाचायचंच सोडलं होतं. माझ्या वहीत ‘विकत घेणं’ आणि ‘विकणं’ ही दोन्ही क्रियापदं ‘माय’ अशीच लिहिलेली होती. पहिलं खालच्या, वळणाऱ्या सुरातलं आणि दुसरं वरून पडणारं. कानाला मराठीची सवय, त्यामुळे माझ्या तोंडून दोन्ही सारखीच यायची, बहुतेक प्रश्नार्थक.

हॉस्टेलवर माझ्या खोलीत पंजाबची एक मुलगी होती, ती माझ्याच वर्गात. व्यंजनांत ती मागे होती, सुरांत मात्र पहिल्या दिवसापासून पुढे. पंजाबीतही सूर आहेत हे मला तिच्याकडून कळलं. घोडा म्हणताना ती ‘घ’ म्हणतच नसे, ‘क’ म्हणून आवाज खाली दाबायची, आणि तिच्या घरी कुणालाही त्यात काही विशेष वाटत नसे. वर्गातल्या मिझोरामच्या एका मुलाचंही तेच, त्याची भाषाही सुरांची. दोघांनी मला किती वेळा सांगितलं असेल, बस आमच्याबरोबर, मोठ्याने म्हण, आम्ही ऐकतो. मी बसले नाही. ज्या वर्गात ‘हिचं ऐका’ असं म्हटलं गेलं होतं, त्याच वर्गातल्या मुलांसमोर चुकायचं, हे मला झेपेना. त्यापेक्षा गप्प राहणं सोपं. कौतुक झालेल्या मुलीची ही अडचण कुणाला दिसत नाही, पण माझं पहिलं सगळं वर्ष तिने खाल्लं.

बोलणं सोडल्यावर मी लिहिण्याकडे वळले. तिथे आपलं शाळेतलं हत्यार चालेल असं वाटलं: घोकंपट्टी. एकेक अक्षर पानभर गिरवायचं, दुसऱ्या दिवशी श्रुतलेखनात उतरवायचं. काही आठवडे ते चाललं, मग मागची पानं पुसली जायला लागली. नवं आलं की जुनं जाई. मी प्रत्येक अक्षर एक स्वतंत्र चित्र म्हणून पाठ करत होते, रांगोळीचे ठिपके मोजावेत तसे फटकारे मोजत. अक्षराला अवयव असतात, हे वर्गात सांगितलेलं होतं. मी ते परीक्षेला येत नाही म्हणून सोडून दिलं होतं.

ते किती महागात पडलं ते एका कुटुंबावरून सांगते. ‘छिंग’ असा आवाज देणारा एक अवयव आहे. त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब काढले की ‘नितळ’, सूर्य काढला की ‘निरभ्र’, बोलण्याची खूण काढली की ‘विनंती’, हृदयाची काढली की ‘भावना’. चारही अक्षरांचा उच्चार छिंग, सूर मात्र सगळ्यांचा एक नाही. उजवी बाजू आवाज सांगते, डावी बाजू अर्थाचा रोख सांगते. चिनीतली बहुसंख्य अक्षरं अशीच बांधलेली आहेत. जुन्या खांगशी कोशात अशा अर्थाच्या खुणा 214 आहेत, आणि रोजच्या वापरातल्या त्याहून बऱ्याच कमी. त्या आधी शिकले असते तर हजारो अक्षरांचा डोंगर मला डोंगर वाटला नसता. मी ही चारही अक्षरं चार वेगवेगळ्या आठवड्यांत, एकमेकांशी काही नातं नसल्यासारखी गिरवली. आजही माझ्या त्या वहीत ती चार पानांवर चार ठिकाणी आहेत.

तोंडी परीक्षेत मी नापास झाले. घरी सांगितलं नाही. रविवारी फोन यायचा, अम्मा विचारायची, ‘चदुवु एट्लुंदि?’, अभ्यास कसा चाललाय? मी म्हणायची, बरा चाललाय. दोन खोटी उत्तरं, एक चिनीत, एक तेलुगूत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कुंभारीला आले. मे महिन्यात आमच्या वसाहतीत दुपारी बाहेर पडवत नाही. घराच्या सावलीत अम्मा, शेजारच्या कानडी अक्का आणि पलीकडच्या खाला सुपं घेऊन बसायच्या. या बैठकीतली भाषा कुठली, हे मला सांगता येणार नाही. अम्मा अक्कांशी तेलुगूत सुरू करते, अक्का कानडीत उत्तर देतात, खाला दखनीत मध्ये पडतात, पैशांचा हिशेब मराठीत होतो. अक्कांची तेलुगू इतकी वर्षं झाली तरी चुकीची आहे. क्रियापदं त्या कानडीच्या वळणाने फिरवतात. अम्मा कधीतरी सुधारते, अक्का सुधारलेलं एकदा म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपलंच म्हणतात. पण सगळं बोलतात. मुलीच्या बाळंतपणाची हकिकत, कारखान्यात माल देताना खराब म्हणून किती विड्या बाजूला काढल्या त्याचा राग, नवऱ्याचं दुखणं.

मी स्वतः कानडी अशीच शिकले होते, नळावर पाण्याची वाट बघत, अक्कांच्या मुलींबरोबर. कुणी पुस्तक दिलं नव्हतं आणि चुकले म्हणून कधी लाज वाटली नव्हती. चार भाषा मी लहानपणी उचलल्या आणि विद्यापीठात नवी शिकायला बसले तेव्हा त्या चारांना जमेत धरलं नाही. प्रवेशाच्या वेळी कुणीतरी विचारलं होतं, भाषा किती येतात. मी मराठी, हिंदी, इंग्रजी म्हटलं होतं. तेलुगू आणि कानडी मला लिहिता येत नाहीत, म्हणून त्या येतात असं म्हणायचं सुचलंच नाही. ही चूक माझ्या एकटीची नसावी. आमच्या सोलापुरात मागावर, विडी कारखान्यात, मंडईत तीन-तीन चार-चार भाषा लीलया बोलणारी माणसं अर्जात ‘भाषांचं ज्ञान’ या रकान्यात एकच नाव लिहितात. मला याचं फार वाईट वाटतं. या माणसांजवळ भाषा शिकण्याची जी रीत आहे ती वर्गात कुणी आणत नाही, आणि त्यांचीच मुलं परदेशी भाषेपुढे आपण मुळातच कच्चे आहोत असं समजून बसतात.

त्या सुट्टीत अम्माने एक दिवस विचारलं, तुझ्या त्या भाषेत याला काय म्हणतात? हातात पान होतं. मी सांगितलं: येच. तंबाखूला? धुराला आणि सिगरेटला जो शब्द तोच सांगितला: येन. मग वळणं. तो शब्द मला येत नव्हता, मोबाइलवर शोधला. संध्याकाळपर्यंत एक वाक्य तयार झालं, माझी आई पानात तंबाखू वळते. मी त्याचे सूर बघून घेतले आणि मोठ्याने म्हटलं. अक्कांची नात शेजारी बसलेली, चार-पाच वर्षांची. तिने ते सुरांसकट म्हणून दाखवलं, माझ्यापेक्षा चांगलं. बायकांनी तिच्याकडून ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं, आणि तिच्या मागून मीही म्हटलं. सुट्टीभर माझा अभ्यास असाच झाला. पाणी भरणं, टोपलीतला कांदा, नानांचा, म्हणजे वडिलांचा, माग, दिसेल त्याचं वाक्य करायचं आणि सांगायचं. चुकत होतं किती हे तपासायला तिथे कुणी नव्हतं, त्यामुळे काही चुका तेव्हा पक्क्याही झाल्या. पण वाक्यं माझी होती आणि त्यांना पुढचं वाक्य होतं.

परत गेल्यावर राहिलेली तोंडी परीक्षा दिली, पास झाले. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आई काय करते हे त्या वेळी कुणी विचारलंच नाही. नापास झाले होते हे अम्माला मी पदवी मिळाल्यावर सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. नापास झाल्याचा तिला राग नव्हता, फोनवर बरा चाललाय म्हणत राहिले त्याचा होता. शिक्षिकेचं वाक्य तिला अजून सांगितलेलं नाही. ती हे मराठीत वाचणार नाही, पण कुणीतरी वाचून दाखवेलच.

सूर मात्र पूर्ण सुधारले नाहीत. पहिल्या वर्षी जे कानात बसायला हवं होतं ते नंतर बसवताना दुप्पट कष्ट पडतात आणि घाईत जुनंच तोंडात येतं. त्याची किंमत गेल्या वर्षी दुसऱ्यांनी मोजली. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात चीनहून रॅपियर माग आले होते. जोडणीच्या वेळी तिकडचा मेकॅनिक व्हिडिओ कॉलवर, इकडे माग जोडणारे आमचे जॉबर, मध्ये दुभाषी मी. मेकॅनिक झेजियांगचा. त्या बाजूच्या पुष्कळ लोकांच्या बोलण्यात स आणि श यांचा फरक राहत नाही. चार आणि दहा या आकड्यांत नेमका तोच फरक, आणि तो गेला की उरतो फक्त सूर: चार वरून पडतो, दहा वर चढतो. चौदा म्हणजे दहा-चार, चाळीस म्हणजे चार-दहा. त्याने ताण्याचा आकडा सांगितला. मला चाळीस ऐकू आलं. जॉबरनी माझ्याकडे बघून विचारलं, मॅडम, नक्की? मी नक्की म्हटलं. माग सुरू केला आणि ताणे तटातट तुटले.

चौदा होतं. जॉबर काही बोलले नाहीत. माझे नाना आयुष्यभर मागावर उभे राहिलेले, त्यामुळे ते गप्प राहणं मला नीट कळलं. तुटलेले धागे एकेक करून सांधायला संध्याकाळ गेली. मागावरची मजुरी मापावर असते, माग बंद तर मजुरी बंद. त्या पाळीच्या दोघांची मजुरी माझ्या मानधनातून द्यावी असं मी मालकांना सांगितलं. ते नको म्हणाले, पण मी हट्ट धरला. मग स्क्रीनकडे वळून मेकॅनिकला म्हटलं, माझे सूर कच्चे आहेत, यापुढे प्रत्येक आकडा कागदावर लिहून कॅमेऱ्यासमोर धरा. त्याने वहीच उघडून ठेवली. पुढच्या वेळी दुसरा माणूस आला, उत्तरेकडचा, जीभ वळवून स्पष्ट बोलणारा. त्याच्याकडूनही मी आकडे लिहूनच घेतले.